पंगत आणि आचारी

खानदेशची हद्द ओलांडून वऱ्हाडात शिरणाऱ्या प्रवाशाला पहिले मोठे गाव लागते ते मलकापूर. मुंबई-नागपूर लोहमार्ग आणि सुरतेहून नागपूरकडे धावणारा राष्ट्रीय महामार्ग यांच्यामुळे नळगंगेकाठच्या या गावाला येणाऱ्या-जाणाऱ्यांची सवय आहे. माघ महिना लागला की शेगावकडे निघालेल्या पायी दिंड्या याच वाटेने जातात. कोणी त्यांना चहा देतो, कोणी फराळ, तर कोणी मंडप घालून वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीची पंगत मांडतो. अशा पंगतीत देवाचा जयजयकार होतो, ध्वनिक्षेपकावरून दात्यांची नावे पुकारली जातात. पहाटेपासून चुलांगणापुढे धूर सोसत उभ्या असलेल्या आचाऱ्याचे नाव मात्र सहसा कोणाच्या ओठी येत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात अन्नदानाला जे स्थान आहे ते केवळ रूढीने आलेले नाही. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज शेगावात प्रथम दृष्टीस पडले, ते एका घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाताना, अशी श्रद्धा आहे. ज्या सत्पुरुषाची पहिली ओळखच अन्नाचा कण वाया न घालवण्याची, त्याच्या समाधिस्थानी आज हजारो भाविकांना विनामूल्य महाप्रसाद मिळावा, यात एक सुसंगती आहे. याच जिल्ह्यात मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमात शुकदास महाराजांनी विवेकानंद जयंतीच्या महापंगतीची प्रथा घालून दिली. तेथे पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून पंगतीत फिरते आणि लाखांच्या घरातील समुदाय रांगेने बसून जेवतो. शिस्त असेल तर अफाट समुदायही नीट जेवू शकतो, हे या दोन ठिकाणांनी सिद्ध केले आहे.

परंतु मोठ्या संस्थांची शिस्त गावोगावच्या भंडाऱ्यांना आपोआप लाभत नाही. तेथे सारी भिस्त एकट्या आचाऱ्यावर असते. पाचशे पाने उठणार की आठशे, याचा अदमास तोच घेतो. किती पायली डाळ, किती मण वांगी, लाकूड किती, गोवऱ्या किती, हे त्याला पाठ असते. तिखट-मिठाचे प्रमाण दहा माणसांसाठी एक आणि हजारांसाठी दुसरे असते. ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसून वडिलांच्या किंवा गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षे कढई ढवळून अंगवळणी पडलेले असते. अन्न कमी पडले तर यजमानाची अब्रू जाते आणि उरले तर नासाडी होते. या दोहोंच्या मधली वाट त्याला दरवेळी नव्याने काढावी लागते.

आचारी या शब्दाच्या मुळाशी ‘आचार’ आहे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. एके काळी हा आचार म्हणजे सोवळे होते. अन्न कोणी शिजवले यावरून ते कोणी खावे हे ठरत असे आणि पंगतीत कोण कोठे बसणार, हेही जन्मावरून ठरत असे. वऱ्हाडच्याच मातीतील गाडगे महाराजांनी या भेदावर आयुष्यभर प्रहार केले. भुकेल्याला अन्न देणे हा त्यांच्या धर्माचा पहिला पाठ होता, परंतु कर्ज काढून घातलेल्या जेवणावळींचा त्यांना तितकाच तिटकारा होता. सोवळ्याचा तो आचार बऱ्याच अंशी मागे पडला, हे इष्टच झाले. मात्र त्याच्या जागी पाणी, भांडी, धान्य आणि हात यांच्या खऱ्याखुऱ्या स्वच्छतेचा नवा आचार यावयास हवा होता. तो पुरतेपणी आलेला नाही.

त्याची किंमत या जिल्ह्याने मोजलेली आहे. २० फेब्रुवारी २०२४ रोजी लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहात एकादशीचा प्रसाद घेतल्यानंतर शेकडो स्त्री-पुरुषांना आणि मुलांना उलट्या-जुलाबांनी ग्रासले. बिबी येथील ग्रामीण रुग्णालयातील खाटा अपुऱ्या पडल्या. रुग्णांना बाहेर उघड्यावर झोपवून, दोर बांधून त्याला सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. प्रसाद होता भगर आणि आमटीचा. भक्तिभावात काही उणे नव्हते, पण भाविकांचा भाव कितीही शुद्ध असला तरी तेवढ्याने अन्न निर्दोष होत नाही.

भगरीला ओल लागली की तिच्यावर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढू शकते आणि ती विषारी द्रव्ये निर्माण करते. म्हणूनच उपवासाच्या दिवसांत जुनी, सुटी भगर वापरू नये, पीठ फार आधी दळून ठेवू नये, असा इशारा अन्न व औषध प्रशासन वारंवार देत असते. भाताचेही तसेच आहे. मोठ्या भांड्यात शिजवून तासन् तास झाकून ठेवलेला भात कोमट झाला की त्यात जंतूंची वाढ होते. शिजलेले अन्न वाढीपर्यंत ६० अंश सेल्सिअसहून अधिक गरम राहावे, हा साधा नियम आहे. पण पंगतीची वेळ पाहुण्यांच्या भाषणांवर ठरू लागली की हा नियम पाळणे आचाऱ्याच्या हाती राहत नाही. धान्य दात्यांनी दिलेले, पाणी टँकरने आणलेले, भांडी भाड्याची आणि वेळ पुढाऱ्यांची, अशा परिस्थितीत घडल्या प्रकाराचा दोष तेवढा आचाऱ्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

२००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील नियमांनी धार्मिक व सामाजिक समारंभांत अन्न वाटणाऱ्यालाही नोंदणीच्या कक्षेत आणले आहे. या नोंदणीचे शुल्क वर्षाला अवघे १०० रुपये आहे. कायदा आहे, शुल्कही जड नाही. उणीव आहे ती गावपातळीवर कोणी तरी पुढाकार घेण्याची. नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती यांनी आपल्या हद्दीतील आचाऱ्यांची यादी करावी, वर्षातून एकदा त्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे, त्यांची आरोग्य तपासणी करावी. शाळेतील पोषण आहार मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखून पाहावा असा दंडक आहे. तोच दंडक प्रत्येक भंडाऱ्याला लावण्यास काय हरकत आहे? हा आहार शिजवणाऱ्या स्त्रियांचे मानधन २०२३ मध्ये वाढूनही महिन्याला २,५०० रुपयांवरच आले. समाजासाठी रांधणाऱ्या हातांचे मोल शासनदरबारीही किती अल्प आहे, हे यावरून कळते.

प्रसादाच्या पवित्र कार्यात सरकारी कागदांची लुडबूड कशाला, असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्याला उत्तर असे की, शेगाव आणि हिवरा येथे शिस्तीमुळे भक्तीला बाध आलेला नाही, उलट तिची प्रतिष्ठाच वाढली आहे. भंडाऱ्याच्या वर्गणीतून मंडप, ध्वनिक्षेपक आणि फलक यांवर जो खर्च होतो, त्यातील काही भाग स्वच्छ पाणी, चांगले धान्य आणि आचाऱ्याची योग्य मजुरी यांकडे वळवला तरी पुष्कळ साधेल. पंगत मांडणाऱ्या मंडळांनी जेवणाची वेळ आणि धान्याची पारख या दोन बाबींत अखेरचा शब्द आचाऱ्याचा मानावा. शेकडो माणसे ज्याच्या हातचे निःशंकपणे खातात, त्याला ‘हे धान्य वापरता येणार नाही’ असे दात्याच्या तोंडावर सांगण्याचा अधिकार असलाच पाहिजे.