पाटी सरकारी, मात्रा बेहिशेबी

उत्तर प्रदेशात भांगेची दुकाने रीतसर परवान्यावर चालतात. पण दुकानाला परवाना आहे म्हणजे मालाच्या औषधीपणाची हमी आहे, असे समजणे धोक्याचे ठरू शकते.

लखनौला गेलेले मराठी कुटुंब अमीनाबादला गेल्याशिवाय सहसा परतत नाही. चिकनचे कुर्ते, गडबडझाल्यातील बांगड्या, प्रकाशची कुल्फी असा कार्यक्रम ठरलेलाच असतो. याच शहरात हिंडताना एखाद्या लहानशा गाळ्यावर भांगेच्या सरकारी दुकानाची पाटी दिसते आणि पाहुणे थबकतात. अशा वेळी बरोबरचा कोणी जाणकार हटकून सांगतो, "आजींच्या गुडघेदुखीला थोडी न्या की! सरकारी दुकान आहे, भीती कसली?"

ही भीती नेमकी कसली, ते प्रत्येक कुटुंबाने समजून घेतले पाहिजे.

गांजा गुन्हा, मग भांग?

गांजा, चरस आणि भांग ही एकाच झाडाची तीन रूपे. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, झाडाची राळ म्हणजे चरस आणि पाने म्हणजे भांग. १९८५च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये कायद्याने, म्हणजेच एनडीपीएस कायद्याने, गांजा व चरस यांच्यावर कडक बंदी घातली. २० किलोहून अधिक गांजा जवळ सापडल्यास किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते. मात्र शेंडे न मिसळलेली नुसती पाने या कायद्याच्या व्याख्येतून वगळण्यात आली आणि भांगेचे नियमन राज्यांच्या अबकारी कायद्यांकडे राहिले.

उत्तर प्रदेशात हा कारभार १९१०च्या अबकारी कायद्याखाली चालतो. पाटीवर 'सरकारी' असले, तरी दुकानदार खासगीच असतो. सरकार त्याला परवाना देते. २०२५ साली तर दारूच्या दुकानांबरोबर भांगेची दुकानेही संगणकीय सोडतीने वाटण्यात आली.

परवान्याची नजर कशावर?

ही पद्धत आजची नाही. १८९३ साली इंग्रज सरकारने डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय भांग-गांजा चौकशी आयोग नेमला. आयोगाने ११९३ साक्षीदार तपासले. संपूर्ण बंदी नको; त्याऐवजी कर लावावा, दुकानांना परवाने द्यावेत आणि एका माणसाजवळ किती माल असावा याला मर्यादा घालावी, असा त्याचा निष्कर्ष होता.

आजच्या व्यवस्थेवरही त्याच विचाराची छाप दिसते. दुकान कोणी चालवायचे, कुठे थाटायचे आणि सरकारला किती शुल्क भरायचे, हे परवाना ठरवतो. गोळीमुळे गुंगी किती येईल, हे मात्र त्यावरून कळत नाही. गुंगी आणणारे टीएचसी हे द्रव्य प्रत्येक झाडाच्या पानांत कमी-अधिक असते. त्यामुळे एकाच वजनाच्या दोन गोळ्यांचा परिणाम सारखा होईलच, असे नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९९६ साली रुग्णांसाठी गांजाला मुभा दिली. आज तेथील परवानाधारक दुकानांत चोवीस तास कॅमेरे चालू ठेवावे लागतात आणि त्यांचे चित्रीकरण ९० दिवस जपावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, माल विक्रीला येण्यापूर्वी त्याची प्रयोगशाळेत तपासणी होते आणि वेष्टनावर टीएचसीचे प्रमाण मिलीग्रॅममध्ये छापावे लागते. खाद्यपदार्थाच्या एका वेळच्या मात्रेत ते १० मिलीग्रॅमहून अधिक असून चालत नाही. तेथे दुकानाबरोबर मात्रेवरही पहारा असतो.

औषध असेल तर वाट वेगळी

भांगेचा औषधी उपयोग आपल्याकडे नवा नाही. आयुर्वेदात तिला 'विजया' म्हणतात आणि शुद्ध केल्यावरच ती वापरावी, असे सांगितले आहे. औषधविषयक कायद्यानेही तिचा समावेश आयुर्वेदातील विषारी द्रव्यांच्या यादीत केला आहे. म्हणून तिच्यापासून बनविलेल्या पोटात घेण्याच्या औषधाला परवानाधारक उत्पादक हवा, आणि ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना वेष्टनावर छापलेली हवी. अबकारी दुकानातील हिरव्या गोळीच्या मागे यांपैकी काहीच नसते.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळले. भारतानेही बाजूने मत दिले. पण त्यामुळे देशातील कायदा बदलला नाही, हे विसरता कामा नये.

घरच्यांनी ध्यानात ठेवावे

पोटात घेतलेल्या भांगेचा परिणाम जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. "काहीच झाले नाही" म्हणून दुसरी गोळी घेतली जाते आणि मग दोन्हींचा जोर एकदमच चढतो. छातीत धडधडणे, घबराट, भास होणे ही त्याची लक्षणे. हृदयविकार किंवा मानसिक आजार असलेल्यांनी, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तिच्या वाटेस जाऊ नये. भांग घेतल्यावर वाहन चालवू नये.

लहान मुलाने चुकून भांगेचा पेढा किंवा ठंडाई घेतली, तर लिंबू-ताकाचे उपाय करीत बसू नये. मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे आणि काय घेतले ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. लाजेपायी लपवाछपवी झाली, तर उपचार चुकीच्या दिशेने जाऊ शकतात.

आणखी एक गोष्ट. लखनौत पावतीसह घेतलेली भांग गाडीने महाराष्ट्रात आणली, तर ती पावती येथे उपयोगी पडत नाही. महाराष्ट्राच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यात भांगेचाही समावेश आहे आणि परवान्यावाचून ती बाळगणे हा गुन्हा ठरतो. त्या पुडीत शेंडे मिसळलेले निघाले, तर ती भांग न राहता गांजा ठरते आणि प्रकरण थेट एनडीपीएस कायद्याखाली जाते.

तेव्हा आजींच्या गुडघ्यांसाठी भांग घेण्याचा मोह झालाच, तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा : "या एका गोळीत गुंगीचे द्रव्य किती?" त्याला उत्तर देता आले नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत आणि आजींना चांगल्या डॉक्टरकडे किंवा वैद्याकडे न्यावे. अमीनाबादहून त्यांच्यासाठी चिकनची साडी आणावी. ती नेसण्यापूर्वी मात्रा विचारावी लागत नाही.