विहिरीचे पाणी मोजा, मगच रब्बी पेरा

भंडारा जिल्ह्यात चिखला येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. अशा खाणीत झिरपलेले पाणी पंपाने सतत उपसावे लागते. त्याने भोवतालच्या विहिरी उतरू शकतात, म्हणून पातळीवर लक्ष ठेवावे लागते. अक्कलकुव्यात अशी खाण नाही, पण उपसा करणाऱ्या मोटारी आहेत. आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी राहते ते मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. ते लवकर संपते.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. तुमची विहीर तुम्हीच मोजा. दोरीला वजन बांधा, कठड्यावर कायमची खूण करा, सकाळी मोटार लावण्याआधी पाणी किती हात खाली ते वहीत लिहा. ऑक्टोबरात पाणी गेल्या वर्षापेक्षा खाली दिसले, तर गव्हाचा हट्ट सोडा, हरभरा घ्या.