गौदी : एका दुर्मिळ आडनावाची कुळकथा



जून महिन्यात कॉलेज उघडले की पहिल्या दिवशी मी वर्गाची हजेरी घेतो. लोहार, सुतार, तांबट, जोशी, कुलकर्णी, सातारकर... मुले 'हजर, सर' म्हणत जातात आणि माझ्या मनात दुसराच हिशेब चाललेला असतो. कुणाचे आडनाव धंदा सांगते, कुणाचे वतन, तर कुणाचे गाव. शिक्षकमंडळींना हा अनुभव रोजचाच आहे. पण आडनाव जन्माला कसे येते, गावोगाव कसे फिरते आणि एखाद्या घरात ते संपते कसे, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आज तो विचार थोडा करू या. त्यासाठी दूरदेशीचे एक आडनाव घेऊ. ते आडनाव म्हणजे 'गौदी'.

युरोपच्या नकाशात स्पेन देश पाहा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात, पिरेनीज पर्वत आणि भूमध्य समुद्र यांच्या बेचक्यात, कातालोनिया नावाचा प्रांत आहे. बार्सिलोना ही त्याची राजधानी. इथल्या लोकांची भाषा कातालान. ती स्पॅनिशची पोटभाषा नव्हे. दोघीही लॅटिनच्या मुली, म्हणजे सख्ख्या बहिणीच म्हणा. या प्रांतात आंतोनी गौदी नावाचा एक मोठा वास्तुशिल्पी होऊन गेला. बार्सिलोनातले 'साग्रादा फामिलिया' हे प्रसिद्ध मंदिर बांधायला १८८२ साली सुरुवात झाली आणि १८८३ पासून १९२६ पर्यंत गौदीने त्यावर काम केले. त्या इमारतीमुळे हे आडनाव जगभर पोहोचले. इतके की, भडक या अर्थाचा इंग्रजीतला 'गॉडी' हा शब्द गौदीवरून आला, असे काही जण समजतात. ते खरे नाही. तो शब्द गौदीच्या जन्माआधी कित्येक शतके इंग्रजीत होता.

नाव जगभर झाले खरे, पण कातालोनियात मात्र हे आडनाव फार थोड्या घरांत आढळते. असे का असावे?

आधी तिथली नेहमीची आडनावे पाहू. 'फेर्रेर' म्हणजे लोहार. 'फुस्तेर' म्हणजे सुतार. 'तेशिदोर' म्हणजे विणकर. 'सेर्रा' म्हणजे डोंगराची रांग. 'पुच' म्हणजे टेकडी. 'रोच' म्हणजे तांबडा, बहुधा मूळ पुरुषाच्या केसांवरून किंवा चेहऱ्याच्या रंगावरून पडलेले. म्हणजे आपल्यासारखेच झाले, नाही का? आता लोहार कुठल्या गावात नसतो? टेकडी कुठल्या तालुक्यात नसते? म्हणून 'फेर्रेर' हे आडनाव एकदाच जन्मले असे नाही. ते ठिकठिकाणी, एकमेकांशी काही संबंध नसताना जन्मले. दोन फेर्रेर भेटले तर ते एका कुळातले असतीलच असे नाही. अनेक झऱ्यांचे पाणी एका नदीत यावे, तशी ही आडनावे मोठी झाली.

गौदीचे तसे नाही. या आडनावाला झरा फार बारीक आहे, आणि तोही पर्वतापलीकडचा.

हे कळते कशावरून? एक साक्ष आडनावाच्या अक्षरांतच आहे. भाषेचे अभ्यासक 'गौदी' या नावाचा संबंध फ्रान्समधल्या 'गोदँ' या आडनावाशी लावतात. त्याचे लेखन 'गाउदिन' असे होते. त्याच्या मुळाशी 'वाल्दिन' असे एक जुने जर्मन वळणाचे पुरुषनाम असावे, असे मानतात. 'वाल्द' म्हणजे सत्ता चालवणे. आनंद या अर्थाच्या 'गौदियुम' या लॅटिन शब्दाकडेही काही जण बोट दाखवतात. पण पहिली वाट धरली तर अक्षरांचा प्रवास मोठा सुरेख दिसतो.

जर्मन नावे लॅटिनच्या लेकींनी उचलली तेव्हा सुरुवातीच्या 'व'चा 'ग' झाला. 'विल्हेल्म'चे कातालानमध्ये 'गिल्येम' झाले, तसे 'वाल्दिन'चे 'गाल्दिन'. पुढे फ्रान्सच्या बाजूला व्यंजनाआधीचा 'ल' विरघळून 'उ' झाला. 'दुसरा' या अर्थाचा लॅटिन शब्द 'आल्तेर'. दक्षिण फ्रान्सच्या बोलीत त्याचा 'आउत्रे' झाला, कातालानमध्ये मात्र 'आल्त्रे' असा 'ल' टिकून राहिला. म्हणजे 'गाउदिन'मधला 'उ' हा पर्वतापलीकडचा शिक्का. शेवटी कातालान भाषेची एक सवय पाहा. आघात असलेल्या स्वरापुढचा शेवटचा 'न' ती गाळून टाकते. लॅटिन 'पानेम' म्हणजे पाव, तो कातालानमध्ये नुसता 'पा'. 'मार्तिनुस'चा झाला 'मार्ती'. त्याच चालीवर 'गाउदिन'चा 'गौदी'. वाटसरूच्या चपलांना वाटेतल्या गावांची माती लागावी, तसे हे आहे.

दुसरी साक्ष चर्चच्या दप्तरांची. ट्रेंट या गावी भरलेल्या धर्मसभेने १५६३ साली लग्नांची नोंदवही ठेवण्याचा नियम सर्व पाद्र्यांना घालून दिला. पाद्री ऐकू येईल तसे नाव लिहीत, त्यामुळे एकाच माणसाचे आडनाव दोन वह्यांत दोन तऱ्हांनी सापडते. पण माग काढता येतो. त्या मागावरून गौदी घराण्याचा मूळ पुरुष जोआन गौदी हा सतराव्या शतकात फ्रान्सच्या ओव्हेर्न भागातून कातालोनियात आला, असे दिसते. तो फेरीवाला होता.

ओव्हेर्न हा डोंगराळ मुलूख. विझलेल्या ज्वालामुखींचे डोंगर, कठीण जमीन, लांबलचक हिवाळा. पोटासाठी तिथले पुरुष घर सोडत. कुणी पाठीवर गाठोडे टाकून किरकोळ माल विकी, कुणी भांडी दुरुस्त करी. त्यातच सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये १५६२ ते १५९८ अशी छत्तीस वर्षे धर्मयुद्धे चालली. पर्वताच्या अलीकडे कातालोनियात मात्र मजुरी बरी होती आणि हातांना काम होते. त्या दीडशे वर्षांत फ्रान्सचे हजारो लोक इकडे आले आणि इथल्या मुलींशी लग्ने करून इथलेच झाले. त्यांतलाच हा जोआन.

हे घराणे रेउस शहराजवळच्या रिउदोम्स गावी रुजले. पुढे पिढ्यान् पिढ्या त्यांचा धंदा कुठला होता म्हणाल, तर तांबटाचा. हे ऐकून माझ्या वर्गातला तांबट आडनावाचा मुलगा खूश झाला होता! त्या काळी रेउस ही द्राक्षाच्या दारूची मोठी पेठ होती. दारू गाळायला तांब्याची भांडी लागत, म्हणून तांबटाला काम भरपूर. आडनाव तिथेच टिकून राहिले याचे कारण हा धंदा. गंमत म्हणजे घराण्याच्या शेतावरच्या घराला लोक 'मास दे ला काल्देरेरा' म्हणत. म्हणजे 'तांबटणीचे शेतघर'. कातालोनियाच्या खेड्यात माणसाचे आडनाव कागदोपत्री एक आणि घराची ओळख दुसरीच, हा प्रकार सर्रास असे. आपल्याकडेही गावातल्या घराला आडनावापेक्षा वेगळे नाव पडतेच की.

आंतोनी गौदी सांगत असे की, जागेची आणि पोकळीची जाण मला मिळाली ती तांबटांच्या कुळात जन्मल्यामुळे. सपाट पत्रा ठोकून ठोकून त्याचे पोटाळे भांडे करायचे, म्हणजे जे अजून नाही ते आधी डोळ्यांपुढे आणावे लागते. आडनाव फ्रान्सचे आणि हातातली कला रेउसच्या पेठेतली, असा हा वारसा.

आता गोष्टीचा दुःखाचा भाग. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात. रूढीने पहिले वडिलांचे, दुसरे आईचे. कातालान लोक मध्ये 'इ' घालतात, म्हणजे 'आणि'. म्हणून पूर्ण नाव आंतोनी गौदी इ कोर्नेत. लग्नानंतर बाई आपले आडनाव बदलत नाही. पण मुलांच्या पुढे जाते ते प्रत्येकाचे पहिले आडनाव, म्हणून आजीचे आडनाव नातवंडांपर्यंत पोहोचत नाही.

आंतोनीचा जन्म २५ जून १८५२ चा. पाच भावंडांत तो धाकटा. त्यांतली दोन लहानपणीच गेली. थोरला भाऊ फ्रान्सेस्क वैद्यक शिकला आणि १८७६ साली ऐन पंचविशीत वारला. त्याच वर्षी आईही गेली. बहीण रोसा १८७९ साली गेली. तिच्यामागे एक मुलगी राहिली, रोसा एखेआ इ गौदी. पाहा, भाचीकडे गौदी हे नाव आले, पण दुसऱ्या जागी. आंतोनीने लग्न केले नाही. म्हातारे वडील आणि ही भाची यांच्यासह तो राहत असे. वडील १९०६ साली वारले आणि १९१२ साली भाचीही गेली.

१९२४ सालच्या ११ सप्टेंबरला पोलिसांनी त्याला अडवले. स्पेनमध्ये तेव्हा प्रीमो दे रिवेराची हुकूमशाही होती. गौदीने स्पॅनिश बोलायचे नाकारले आणि कातालानमध्येच उत्तरे दिली, म्हणून त्याला काही तास कोठडीत बसवून दंड केला. वय तेव्हा बहात्तर! ७ जून १९२६ रोजी ट्रामची धडक बसून तो रस्त्यावर पडला. कपडे जुनेपाने, खिशात ओळखीचा कागद नाही. लोकांना तो भिकारी वाटला आणि त्याला गरिबांच्या इस्पितळात नेले. दुसऱ्या दिवशी ओळख पटली. १० जूनला तो वारला. ज्या नावाने शहर आज ओळखले जाते, ते नाव त्या दिवशी रस्त्यावर कुणाला ठाऊक नव्हते. आणि त्या घरातले ते आडनाव तिथेच संपले.

पाच मुलांचे घर, आणि दोन पिढ्यांत आडनाव शून्यावर आले. हा नुसता दैवाचा खेळ समजायचा का? १८७४ साली इंग्लंडात गाल्टन आणि वॉटसन या दोघांनी याचे गणित मांडले. शिक्षकांनी ते वर्गात करून पाहावे असे आहे. शंभर घरे घ्या, प्रत्येकाचे आडनाव निराळे, प्रत्येकात एक पुरुष. त्या प्रत्येकासाठी दोन नाणी उडवा. जितके छापे पडतील तितके त्याला मुलगे. दोन्ही काटे पडले तर मुलगा नाही, आडनाव बुडाले. सरासरीने माणशी एक मुलगा पडतो, म्हणजे पुरुषांची एकूण संख्या शंभराच्या आसपासच राहते. पण एका पिढीनंतर सुमारे २५ आडनावे गेलेली असतात, दोन पिढ्यांनंतर ३९, तीन पिढ्यांनंतर ४८. माणसे तितकीच, आडनावे जवळजवळ निम्मी! उरलेली आडनावे तेवढी फोफावतात. म्हणून हजारो घरांच्या फेर्रेरला धोका नाही. एकदोन घरांनी आलेल्या आडनावाला मात्र प्रत्येक पिढीत जिवाची धाकधूक.

मग गौदी हे आडनाव आज उरलेच नाही का? उरले आहे. इतर शाखांनी ते राखले. रेउस-रिउदोम्सचा परिसर आणि कामधंद्यासाठी जिथे सगळे जातात ते बार्सिलोना, हे त्याचे मुख्य घर. फ्रान्समध्ये 'गोदँ' हे त्याचे भाऊबंद आडनाव बरेच आढळते. स्पेनची सांख्यिकी संस्था वीस किंवा अधिक माणसांची आडनावे प्रांतवार प्रसिद्ध करते, त्यामुळे कुणालाही असा शोध घेता येतो. त्या आकड्यांत कातालोनियात पहिला क्रमांक लागतो तो 'गार्सिया' या आडनावाचा. विसाव्या शतकात स्पेनच्या दक्षिणेकडून लाखो माणसे इथल्या गिरण्या-कारखान्यांत आली, त्याची ही खूण. तीन-चारशे वर्षांपूर्वी जोआन फेरीवाला आला, तसेच हेही आले. आडनावांची यादी म्हणजे पोटामागे निघालेल्या माणसांचा नकाशाच.

आणि कायदाही बदलला आहे. फ्रँकोच्या राजवटीत, म्हणजे १९३९ ते १९७५ या काळात, सरकारी दप्तरात 'आंतोनी' लिहिता येत नसे, 'आंतोनियो'च लिहावे लागे. १९७७ च्या कायद्याने ही सक्ती गेली. सन २००० पासून आईबापांना संमतीने आईचे आडनाव पहिले ठेवता येऊ लागले, आणि २०१७ पासून वडिलांच्या आडनावाला आपोआप मिळणारा पहिला मानही गेला. रोसाची मुलगी आजच्या काळात जन्मली असती, तर तिचे नाव रोसा गौदी इ एखेआ असे होऊ शकले असते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या शाळेच्या हजेरीपटात असे एखादे एकटे आडनाव असेलच. त्या मुलाला घरी आजोबांना विचारून यायला सांगा : आपण इथे कुठून आलो? आणि आजीला विचारायला विसरू नका. तिने मागे ठेवून आलेले आडनाव कोणते, हेही त्याने वहीत लिहून ठेवावे. कारण हजेरीपटात ते नाव कुठेच नसते.