हाडाचं इंजेक्शन: कोणतं, किती दिवस आणि संपल्यावर काय?



गेल्या दोन महिन्यांत ग्रामसंघाच्या बैठकांमध्ये तीन कर्जमागण्या अशा आल्या, की कारण एकच लिहिलेलं: 'हाडाचं इंजेक्शन'. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पाहिल्या तर तिन्ही औषधं वेगळी. एक रोज टोचायचं, एक सहा महिन्यांतून एकदा आणि तिसरं नुसतं ड जीवनसत्त्वाचं. पण नाव एकच, त्यामुळे चर्चाही एकच झाली: "तिला एवढे दिले, मग हिला का नाही?" म्हणून या अंकात याबद्दल लिहायचं ठरवलं. औषध कोणतं ते डॉक्टरच ठरवणार. पण ते किती महिने चालणार, घरी जमणार का आणि संपल्यावर पुढे काय, हे आपणच विचारायला हवं. ते न विचारता कर्ज काढलं तर पैसाही जातो आणि हाडही.

आधी गुडघ्यांचं बोलू. गुडघे दुखतात म्हणून ही इंजेक्शनं घ्यायची नसतात. गुडघेदुखी बहुतेक वेळा सांधा झिजल्यामुळे असते. ठिसूळ झालेलं हाड मोडेपर्यंत दुखत नाही, हीच तर त्याची खोड आहे. अंगणात पाय घसरला आणि मनगट किंवा खुबा मोडला, घागर उचलताना पाठीत कळ आली आणि मणका दबला, उंची कमी होऊन पोक यायला लागला, अशा वेळी ठिसूळपणाचा संशय घ्यायचा. त्याची खात्रीची तपासणी म्हणजे खुबा आणि कमरेच्या मणक्याची डेक्सा. त्यात टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली आला तर हाडं ठिसूळ झाली असं धरतात. शिबिरात टाचेला मशीन लावून जो आकडा देतात, त्यावरून महागडं औषध सुरू करायचं नसतं.

हाड मातीच्या भिंतीसारखं आहे. जुनं पोपडं निघतं, नवीन लिंपण चढतं आणि हे आयुष्यभर चालू राहतं. पाळी गेली की हार्मोन कमी होतं, मग पडझड वाढते आणि लिंपण मागे पडतं. गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढलं असेल तर हे पस्तिशी-चाळिशीतच सुरू होतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांची २०१९ मध्ये राज्यभर चर्चा झाली. हाडांच्या बाबतीत त्या ऑपरेशनांचा हिशोब आता पुढे येणार आहे. म्हणून असं ऑपरेशन झालेल्या ताईंनी साठीची वाट न बघता डॉक्टरांना तसं सांगावं.

आता औषधं. काही औषधं पडझड थांबवतात, काही नवीन लिंपण चढवतात. सगळ्यांना बांधकामाचं औषध लागत नाही. आठवड्याची ॲलेंड्रोनेटची गोळी (उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही) किंवा वर्षातून एकदा लावायची झोलेड्रॉनिक ॲसिडची सलाईन बऱ्याच जणींना पुरते. ज्यांचा मणका किंवा खुबा आधीच मोडलाय किंवा ज्यांचा आकडा फारच खाली गेलाय, त्यांच्यासाठी बांधणारी इंजेक्शनं असतात.

त्यातलं आपल्याकडे जास्त दिसणारं म्हणजे टेरिपॅराटाइड. पोटाला किंवा मांडीला रोज एक टोचा, स्वतःच घ्यायचा. साखरेच्या इन्सुलिनसारखंच पेन असतं. कोर्स साधारण १८ ते २४ महिन्यांचा. पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलं तर फेकून द्यायचं. ज्या गावात दिवसदिवस वीज नसते तिथे हा प्रश्न डॉक्टरांपुढे मांडायलाच हवा. सुरुवातीला चक्कर येऊ शकते, म्हणून बसून घ्यायचं. पायात गोळे येणं, मळमळ हेही काहींना होतं. ज्यांना कॅन्सरसाठी शेक म्हणजे रेडिएशन दिलंय, हाडाचा कॅन्सर झालाय किंवा रक्तात कॅल्शियम आधीच जास्त आहे, त्यांना हे औषध देत नाहीत.

दुसरं रोमोसोझुमॅब. हे महिन्यातून एकदा, एका वेळी दोन इंजेक्शनं, असं १२ महिने. दवाखान्यातच देतात, म्हणजे घरी फ्रिजची कटकट नाही आणि रोजची आठवणही ठेवावी लागत नाही. हे लिंपणही चढवतं आणि पडझडही कमी करतं. मात्र किंमत फार. आणि गेल्या वर्षभरात हार्ट ॲटॅक किंवा लकवा येऊन गेला असेल तर हे घ्यायचं नाही. बीपी, शुगर, छातीत दुखणं यातलं काहीही लपवू नका.

तिसरं नाव डेनोसुमॅब, सहा महिन्यांनी एक. पुष्कळ जणी त्यालाही हाड बांधणारं म्हणतात, पण ते पडझड रोखणारं आहे. चांगलं आहे, फक्त तारीख पाळणारं माणूस हवं. हे मध्येच सोडलं तर अडवून धरलेली पडझड एकदम सुटते आणि काहींचे एकापाठोपाठ एक मणके दबतात. तारखेला महिन्यापेक्षा जास्त उशीर चालत नाही. आता विचार करा, जुलैत इंजेक्शन घेतलेली ताई दसरा-दिवाळीला टोळीबरोबर तोडीला गेली, तर जानेवारीचं इंजेक्शन तिला फडात कोण देणार? अशा ताईने निघायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगावं आणि वर्षाच्या सलाईनचं विचारावं. ती सलाईन मूत्रपिंड बरं असेल तरच देतात, म्हणून क्रिएटिनिन आधी तपासतात. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी होते, त्याला घाबरायचं नाही.

कर्जाच्या हिशोबात सगळ्यात जास्त चूक होते ती पुढच्या औषधाची. टेरिपॅराटाइड किंवा रोमोसोझुमॅब संपलं आणि लगेच पडझड थांबवणारं औषध (गोळी, सलाईन किंवा डेनोसुमॅब) सुरू केलं नाही, तर चढवलेलं लिंपण निघून जातं. म्हणजे व्याज भरतोय आणि भिंत परत होती तशी. आधी बांधायचं, मग राखायचं, हा क्रमही महत्त्वाचा. डेनोसुमॅब थांबवून टेरिपॅराटाइड सुरू केलं तर उलट हाड कमी होऊ शकतं. म्हणून दवाखाना बदलला तरी जुन्या चिठ्ठ्या सोबत हव्यात.

गटाने पैसे मंजूर करताना पहिल्या महिन्याचं बिल बघून भागत नाही. टेरिपॅराटाइडचं पेन साधारण २८ दिवस चालतं, त्यामुळे वर्षाला १२ नाही, १३ पेनं लागतात आणि दोन वर्षांना २६. सुया वेगळ्या, दर वेळी नवीन. त्यात नंतरच्या औषधाचा खर्च धरा. एवढं पेलणार नसेल तर तसं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, म्हणजे ते शेवटपर्यंत जमेल असं स्वस्त औषध सुचवतील. माझ्या मते अर्ध्यात सुटणाऱ्या महागड्या इंजेक्शनपेक्षा पुरी होणारी गोळी बरी. कंपनी वेगळी पण औषध तेच, असं कमी किमतीत मिळतं का, हेही विचारा. जन औषधी केंद्रातही चौकशी करा.

कुठलंही सुरू करण्याआधी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी झालेली असू द्या. ड जीवनसत्त्व फार कमी असताना डेनोसुमॅब किंवा सलाईन दिली तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं, हातापायाला मुंग्या, गोळे येतात. दातही दाखवून घ्या. मिश्रीने हिरड्या सुटलेल्या असतील, दात काढायचा असेल, तर तो आधी काढून जखम भरू द्यावी. या दोन औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याची जखम भरत नाही.

आणि ज्या ताई आत्ता डेनोसुमॅबवर आहेत, त्यांनी हे वाचून भीतीने ते बंद करू नये. पुढची तारीख आशाताईला सांगून ठेवा आणि पैशाची अडचण असेल तर तारखेच्या महिनाभर आधी गटात बोला.