बीदरच्या चौबाऱ्याला पाय का रेंगाळतात?

परवा उदगीरच्या पाहुण्यांना बीदरचा किल्ला दाखवायला निघालो, पण मंडळी चौबाऱ्यापाशीच अडकली! जुन्या पेठा पायी हिंडणं हा माझा छंद, म्हणून चौबाऱ्यापासून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याचं गमक सांगतो.

चौबारा म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध, चार रस्ते मिळतात तिथला सुमारे ७१ फुटी गोल बुरूज. दुरून दिसतो, त्यामुळे नवखा माणूसही बिनधास्त गल्लीबोळात शिरतो. किल्ल्याच्या वाटेवर पुढे महमूद गवानचा १४७२ च्या सुमाराचा मदरसा, म्हणजे चालत राहायला कारण आहेच.

पण खरी ओढ इथल्या बिदरी कामाची. जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर कारागीर नक्षी कोरतो आणि त्यात चांदीची तार ठोकून बसवतो, तेही आपल्या डोळ्यांदेखत. मग किल्ल्यातली माती आणि नवसागराच्या गरम पाण्यात भांडं बुडवलं की धातू काळाभोर होतो, चांदी तशीच लखलखते. २००६ मध्ये या कलेला जीआय मानांकन मिळालं.

वस्तू घडताना दिसली की माणूस थांबतोच. रोषणाई, सेल्फी पॉइंट वगैरे सगळं नंतरचं, असं माझं ठाम मत!

फक्त उन्हाळ्यात भर दुपारी जाऊ नका, सावली कमी आहे.

कुठून सुरुवात करावी, बिदरी घेताना काय पाहावं, खुशाल विचारा.