प्रत्यारोपण विभागातील स्वयंसेवक

मूत्रपिंड किंवा यकृताचे प्रत्यारोपण म्हटले की शस्त्रक्रिया, औषधे आणि खर्च यांचीच चर्चा होते. बाहेरच्या बाकावर दिवसेंदिवस बसून राहणाऱ्या नातेवाइकांकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. रक्तपेढी कोठे, कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा, रात्री कोठे पाठ टेकायची, हे गावाकडून आलेल्या माणसांना ठाऊक नसते. अशा वेळी सुटीच्या दिवशी दोन-तीन तास देणारा स्वयंसेवक फार उपयोगी पडतो. त्यासाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही. मात्र तीन पथ्ये काटेकोरपणे पाळावी लागतात.

पहिले पथ्य स्वच्छतेचे. शरीर नव्या अवयवाला परका समजून त्यावर हल्ला करते. तसे होऊ नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे देऊन रुग्णाची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. त्यामुळे आपली किरकोळ सर्दीही त्याच्या जिवावर बेतू शकते. सर्दी, ताप, जुलाब असेल त्या दिवशी विभागात जाऊ नये. हात साबणाने धुवावेत, मास्क लावावा. फुले किंवा कापलेली फळे नेऊ नयेत. पपनस तर नकोच; त्यामुळे रक्तातील औषधाचे प्रमाण वाढू शकते.

दुसरे पथ्य सल्ला न देण्याचे. 'आता बरे आहात, गोळ्या कमी करा' किंवा 'अमुक काढा घेऊन पाहा' असे चुकूनही म्हणू नये. या गोळ्या ठरल्या वेळी, अवयव काम करीत असेतोवर घ्याव्या लागतात. त्या परस्पर बंद केल्यास मिळालेला अवयव निकामी होऊ शकतो.

तिसरे पथ्य सर्वांत नाजूक. मेंदूमृत्यू झालेल्या माणसाची छाती यंत्राच्या साह्याने वरखाली होत असते, अंग गरम असते. मृत्यू झाला हे घरच्यांना पटत नाही. १९९४ च्या कायद्याखालील नियमांनुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू जाहीर करते. त्यानंतर अवयवदानाचा विषय काढणे हे प्रशिक्षित समन्वयकाचे काम. २०११ च्या दुरुस्तीने असा समन्वयक नेमणे प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांना बंधनकारक केले आहे. स्वयंसेवकाने गळ घालू नये. पाणी द्यावे, फोन लावून द्यावा, जवळ बसावे. कुटुंबाने 'नाही' म्हटले तरी आपल्या वागण्यात तसूभरही फरक पडता कामा नये. दुःखात बुडालेल्या माणसाला कुणाचेही देणे लागत नाही.

दात्याचे नाव रुग्णाला किंवा रुग्णाचे नाव दात्याच्या घरी कधीही सांगू नये. पैशाची गोष्ट कानावर आल्यास ती ताबडतोब समन्वयकाला कळवावी. अवयवांचा व्यवहार हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

ज्यांना हे काम करावेसे वाटते, त्यांनी जवळच्या प्रत्यारोपण केंद्रातील समाजसेवा अधीक्षकांची भेट घ्यावी. महिन्यातून एकच दिवस द्या, पण ठरल्या दिवशी नक्की जा. बाकावरची माणसे वाट पाहत असतात.