जुन्या पेटीचा भाव कशावर ठरवायचा?

अक्कलकोट तालुक्यात नगरपरिषद असलेली गावं तीन: अक्कलकोट, दुधनी आणि मैंदर्गी. मैंदर्गी कर्नाटकच्या सीमेजवळ. एका अंगाला स्वामी समर्थांचं अक्कलकोट, सीमेपलीकडे दत्ताचं गाणगापूर आणि याच सोलापूर जिल्ह्यात विठोबाचं पंढरपूर. या पट्ट्यात मराठी अभंग आणि कानडी वचनं दोन्ही गायली जातात, आणि दोन्हींच्या साथीला पेटी लागते. एखाद्या भजनी मंडळानं नवी पेटी घेतली की जुनी देवळाच्या खोलीत किंवा कुणाच्या माळ्यावर जाते. काही वर्षांनी ती विकायची ठरली, की भावाची बोलणी दोनच वाक्यांवर चालतात. विकणारा सांगतो, "जर्मन सुरांची आहे, आता असा माल मिळत नाही." घेणारा म्हणतो, "भाता फाटलाय, लाकूड गेलंय, काय राहिलंय तिच्यात?"

पेटी उघडून पाहिलेली नसते दोघांनीही. चांगली पेटी मातीमोल जाते ती अशी, आणि साधी पेटी नुसत्या नावावर महाग विकली जाते तीही अशीच.

जर्मन सुरांचा दबदबा आला कुठून, हे आधी पाहायला हवं. हार्मोनियम मूळची युरोपची. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी 1840च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं पेटंट घेतलं. ती पायानं भाता मारायची, टेबलाएवढी पेटी होती. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला मांडी घालून वाजवता येईल असं रूप दिलं; भाता मागे आला आणि एका हातानं चालू लागला. महाराष्ट्रात संगीत नाटकानं पेटीला घराघरांत नेलं. 'मानापमान'च्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. पेटीचं खोकं इथले सुतार उत्तम करत, पण आतले सूर, म्हणजे पितळेच्या पट्टीवर बसवलेल्या पितळेच्याच बारीक जिभा, बराच काळ जर्मनी आणि फ्रान्समधून येत. पॅरिसच्या कास्रिएल कंपनीच्या तर अख्ख्या पेट्या येत. पुढे ही आवक आटली आणि गुजरातमधलं पालिताणा सुरांसाठी प्रसिद्ध झालं. आज भारतात वाजणाऱ्या असंख्य पेट्यांत पालिताण्याचे सूर आहेत आणि त्यांतले चांगले सूर खरोखर चांगले असतात. तरीही 'जर्मन' या शब्दाला जो भाव मिळतो तो 'पालिताणा' या शब्दाला मिळत नाही.

नावाला भाव मिळण्याचा हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. जपानी गिटारींच्या बाजारात तो जगभर चालतो. 1970च्या दशकात मात्सुमोतो शहरातला फुजिगेन कारखाना इबानेझ आणि ग्रेको या नावांनी गिटारी बनवत होता. त्यांतल्या बऱ्याच अमेरिकन गिब्सनच्या हुबेहूब नकला होत्या आणि पुष्कळदा मुळाइतक्या सुबक. जून 1977मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिनं इबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा लावला. भांडण गिटारीच्या डोक्याच्या आकारावरून होतं आणि ते न्यायालयाबाहेर मिटलं. पण 'दाव्याच्या काळातली गिटार' हे बिरुद तिथून जे सुरू झालं, ते आज त्या दशकातल्या कुठल्याही जपानी नकलेला चिकटवलं जातं. ज्या कंपन्यांचा त्या दाव्याशी संबंधही नव्हता, त्यांच्या गिटारींनासुद्धा.

फरक एवढाच की जपानी गिटारीचा माग काढता येतो. त्या काळच्या इबानेझवरच्या क्रमांकातलं पहिलं अक्षर महिना सांगतं, पुढचे दोन आकडे वर्ष: एफ 77 म्हणजे जून 1977. हामामात्सुच्या तोकाई कंपनीच्या पुष्कळ नमुन्यांच्या नावातच मूळ किंमत दडलेली असते. एलएस-80 म्हणजे ऐंशी हजार येनांची. कंपनीनं स्वतःच कोणती गिटार भारी मानली होती, ते चाळीस वर्षांनंतरही वाचता येतं. याच हामामात्सुमध्ये 1887 साली तोराकुसु यामाहा यांनी एका शाळेतला बिघडलेला अमेरिकन ऑर्गन दुरुस्त केला आणि यामाहा कंपनीची सुरुवात झाली. तो ऑर्गनही पितळी जिभांचाच, आपल्या पेटीचा चुलत भाऊ.

आपल्या पेट्यांना ना क्रमांक, ना किंमतपत्रक. दर्शनी फळीवरची दुकानाची पट्टी बदलता येते, आणि खोकं नवं करून आत जुने सूर किंवा जुन्या खोक्यात नवे सूर घालता येतात. म्हणून पेटीची परीक्षा हात, कान आणि स्क्रू-ड्रायव्हर यांनीच करावी लागते.

सुरुवात हवेपासून करावी. सगळे स्टॉपर, म्हणजे हवा सोडणाऱ्या खुंट्या, बंद करून भाता भरावा आणि हात सोडावा. आतला भाता हवा धरून राहिला तर चामडं आणि सांधे शाबूत आहेत. तो लगेच बसला तर हवा कुठून तरी निसटते आहे. मग स्टॉपर उघडून, एकही पट्टी न दाबता भाता मारावा. एखादा सूर आपोआप बोलू लागला तर त्या पट्टीखालचं झाकण नीट बसत नाही. सोलापूरच्या कडक उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं, तेव्हा ही तक्रार या भागातल्या पेट्यांत असणारच. तिला घाबरायचं कारण नाही. फाटलेला भाता, वाळलेलं चामडं, कसरीनं खाल्लेलं फेल्ट, कमजोर स्प्रिंगा, हे सगळं जाणता कारागीर पूर्ववत करून देतो. त्याचा खर्च भावातून वजा करावा आणि पुढे जावं. "काय राहिलंय तिच्यात" असं म्हणणारा बहुतेक वेळा याच दुरुस्त होणाऱ्या गोष्टींकडे बोट दाखवत असतो.

खरी परीक्षा सुरांची. एकेक पट्टी सावकाश दाबून, अगदी कमी हवेत सूर बोलतो का ते ऐकावं. चांगला सूर हलक्या भात्यालाही उठतो आणि जोर वाढवला तरी फाटत नाही. खर्जाचे सूर थोडे उशिरा बोलतात, ते स्वाभाविक. पण शेजारच्या दोन सुरांत एक गोड आणि दुसरा पत्र्यासारखा वाजत असेल तर त्यांतला एक केव्हातरी बदललेला असावा. खर्ज-नर जोडीची, म्हणजे सुरांच्या दोन ओळींची, पेटी असेल तर दोन्ही ओळी आधी वेगवेगळ्या आणि मग एकत्र वाजवाव्यात. बेचाळीस पट्ट्यांच्या अशा पेटीत चौऱ्याऐंशी सूर असतात. त्यांत दोन-चार बदललेले असणं क्षम्य आहे. अर्धी ओळ वेगवेगळ्या जातीच्या सुरांची असेल तर ती पेटी 'जर्मन' म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

यानंतर पेटी उघडायलाच हवी, आणि विकणारा उघडू देत नसेल तर सौदा तिथेच थांबवावा. सुरांच्या पितळी पट्ट्यांवर अक्षरं ठोकलेली असतात. जर्मन पद्धतीत, सी हा षड्ज धरला तर, शुद्ध निषादाला एच म्हणतात. म्हणून पट्टीवर एच दिसला तर दाव्याला बळ मिळतं. एकट्या त्या अक्षरावर मात्र विसंबू नये. सगळ्या पट्ट्यांची धातूची छटा, रिवेटची ठेवण आणि अक्षरांचं वळण एकसारखं आहे का, हे अधिक महत्त्वाचं. त्याहून महत्त्वाच्या खुणा जिभेवर असतात. सूर चढवायचा तर जिभेचं टोक घासतात, उतरवायचा तर मूळ घासतात. दर काही वर्षांनी थोडं थोडं घासणं चालतंच. पण टोक कागदासारखं झालेलं किंवा मुळाशी खोल ओरखडे पडलेले दिसले, तर त्या सुरांचं आयुष्य सरत आलं आहे. मुळाशी कमकुवत झालेली जीभ ऐन गाण्यात तुटते. अशा पेटीत मूळ जर्मन सूर असले तरी त्यांना अव्वल भाव देऊ नये.

इथे एक ऐतिहासिक गुंताही आहे. फ्रान्सनं 1859 साली ए या स्वरासाठी सेकंदाला 435 कंपनांचं प्रमाण ठरवलं. आजचं 440चं प्रमाण 1939च्या लंडन परिषदेत मान्य झालं. या दोहोंतलं अंतर अर्ध्या स्वराच्या साधारण पाचव्या भागाइतकं आहे. एकट्या गायकाला तंबोऱ्याबरोबर ते जाणवणारही नाही, पण शेजारी की-बोर्ड किंवा दुसरी पेटी असली की लगेच खटकतं. जुन्या पॅरिस पेटीचा सूर थोडा उतरलेला आढळला तर तो दोष मानायची घाई करू नये, कदाचित ती पेटी तशीच घडवलेली असेल. तिला 440वर आणायचं म्हणजे सगळ्या जिभांची टोकं घासायची. शंभर वर्षांचं पितळ त्यासाठी खर्ची घालावं का, याचा मालकानं शांतपणे विचार करावा. एकल वादनासाठी किंवा घरच्या रियाजासाठी ती आहे तशीच ठेवणं श्रेयस्कर.

गिटारवाले मूळपणाला फार जपतात. जुन्या गिटारीचं एखादं पिकअप बदललं तरी भाव उतरतो. पेटीला तो नियम जसाच्या तसा लावता येत नाही. तिचा मूळपणा सुरांत आणि ते ज्या लाकडी फळीवर बसवलेत त्या फळीत असतो. भाता नवा, पॉलिश नवं, पट्ट्यांवरचं आवरण नवं असलं तरी बिघडत नाही. उलट मागाहून बसवलेल्या सोयींकडे संशयानं पाहावं. पट्ट्या सरकवून गाण्याची पट्टी बदलू देणारा स्केलचेंजर गायकाला सोयीचा खरा, पण जुन्या साध्या पेटीत तो नंतर घुसवला असेल तर हवा निसटायच्या जागा वाढतात. साधी, घट्ट, कमी यंत्रणेची जुनी पेटी केव्हाही अधिक भरवशाची.

परदेशी पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर क्वचित हस्तिदंत असतो. त्यानं भाव वाढेल अशी कुणाची समजूत असेल तर ती सोडून द्यावी. वन्यजीव संरक्षण कायद्यानं हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे, त्यामुळे अशी पेटी विकण्याआधी कायदेशीर सल्ला घ्यावा.

मग भाव नेमका किती? तेवढ्याच सुरांच्या नव्या, चांगल्या पेटीची आजची किंमत हा पाया धरावा. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा. सूर एकाच जातीचे, मूळचे आणि फारसे न घासलेले असतील तर वर निःसंकोच भर घालावी. अशा सुरांसाठी जाणते वादक नव्या पेटीपेक्षा जास्त मोजतात, आणि ते योग्यच आहे. सूर सरमिसळ असतील तर पेटी कितीही जुनी असो, तिला नुसत्या वयाचे पैसे देऊ नयेत. वापरही पाहावा. ख्यालाच्या साथीला मऊ, गोल आवाजाची पेटी लागते. देवळाच्या मंडपात टाळ-पखवाजाच्या गजरात तीच पेटी ऐकू येणार नाही. भजनाला खुला, धारदार सूर हवा, आणि त्यासाठी पालिताण्याच्या सुरांची घट्ट पेटी नावाजलेल्या जर्मन पेटीपेक्षा उजवी ठरू शकते.

सीमाभागातल्या मंडळांकडे अशा किती पेट्या पडून असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही. आपल्या मंडळाची किंवा घरची जुनी पेटी विकायला किंवा दुरुस्तीला देण्याआधी ती एकदा जाणत्या पेटीवाल्याकडून समोर उघडून घ्या. आतल्या सुरांची संख्या लिहून ठेवा, त्यांचे फोटो काढा, आणि दुरुस्तीत बदललेले जुने सूर परत मागून घ्या.